बेटांच्या परिसरात बोटीतून देवमासे पाहण्याचा दिवस : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

देवमासे पाहायला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या मनात बहुधा एकच चित्र असते: पाणी दुभंगून प्रचंड धूड हवेत उसळते आणि तो क्षण कॅमेऱ्यात टिपला जातो. असे घडते, पण कधी घडेल हे कोणीच सांगू शकत नाही. चार-पाच तासांच्या फेरीत देवमासा पाण्यावर प्रत्यक्ष दिसतो तो वेळ एकत्र केला, तर पुष्कळदा काही मिनिटेच भरतात, कारण हा प्राणी आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली घालवतो आणि वर येतो तो मुख्यतः श्वासासाठी. म्हणून बोट निवडण्यापासून बूट निवडण्यापर्यंतची सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी करायची असते: उघड्या समुद्रावर न कंटाळता, न कुडकुडता, शांतपणे थांबता यावे. देवमाशाच्या मागे धावणाऱ्या बोटीपेक्षा योग्य जागी थांबलेल्या बोटीतून तो अधिक चांगला दिसतो, असे माझे अनेक फेऱ्यांनंतरचे ठाम मत आहे.

जागा आणि हंगाम

देवमाशांचे वर्षाचे वेळापत्रक अन्न आणि वीण या दोन गोष्टींवर ठरते. हंपबॅक जातीचे बहुतेक देवमासे उन्हाळा थंड समुद्रात खाण्यात घालवतात आणि हिवाळ्यात पिल्लांना जन्म देण्यासाठी उबदार पाण्यात येतात. अलास्काच्या किनाऱ्यापासून हवाई बेटांपर्यंतचा त्यांचा एका बाजूचा प्रवासच सुमारे ४,८०० किलोमीटरचा असतो. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र असे दूरचे स्थलांतर करत नाहीत आणि वर्षभर त्याच समुद्रात राहतात. आपण कोणत्या टोकाला जातो यावर काय दिसेल हे अवलंबून असते. हवाईसारख्या विणीच्या जागी साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात माता आणि पिल्ले दिसतात, नरांची आपापसातली झुंज दिसते, पाण्यावरच्या उड्या अधिक दिसतात. अलास्कासारख्या खाण्याच्या जागी उन्हाळ्यात देवमासे एकाच परिसरात पुन्हा पुन्हा बुड्या मारताना दिसतात, आणि नशिबात असेल तर अनेक हंपबॅक मिळून बुडबुड्यांचे कडे करून त्यात मासे कोंडतात आणि एकदम तोंडे वासून वर येतात, तेही पाहायला मिळते.

काही ठिकाणी हंगामाची अट सैल असते. न्यूझीलंडमधल्या कायकोउरा येथे समुद्रतळाची खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे खोल पाण्यात शिकार करणारे स्पर्म व्हेल तिथे वर्षभर सापडतात. अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवर स्पर्म व्हेलखेरीज वसंत ऋतूत उत्तरेकडे जाणारे निळे देवमासे आणि फिन व्हेलही दिसतात. या बेटांच्या कड्यांवर पूर्वी शिकारीसाठी टेहळणीच्या चौक्या होत्या. तिथून देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला की खाली होड्या सुटत. १९८० च्या दशकात शिकार थांबली आणि आज तशाच चौक्यांतून दुर्बिणी लावून बसलेले टेहळे पर्यटकांच्या बोटींना रेडिओवरून दिशा सांगतात. कामाचे कौशल्य तेच राहिले आणि हेतू उलटला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बेटांचा परिसर या कामासाठी चांगला का, हे समजून घेतले तर दिवसाची आखणी सोपी जाते. भरती-ओहोटीचे पाणी बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुन्यांतून जाताना वेग घेते, तळाच्या उंचवट्यांवर आपटते आणि खोलातले थंड, पोषक पाणी वर ढकलते. त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी वाढतात, त्यांच्यामागे लहान माशांचे थवे येतात, आणि प्रवाह जिथे एकमेकांना भिडतात तिथे हे सगळे अन्न गोळा होते. देवमासे अशा जागा ओळखून असतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि प्रवाह जोरदार असतात, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत पाणी संथ असते. कोणत्या वेळी कोणत्या सामुद्रधुनीत हालचाल असते हे स्थानिक कप्तानाला ठाऊक असते आणि त्याला ते विचारायला संकोच करू नये. बेटांचा दुसरा फायदा आडोशाचा आहे. उघड्या समुद्रात लाटा उंच असल्या तरी बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला पाणी बरेच शांत असते, त्यामुळे फेरी रद्द होण्याची शक्यता कमी होते आणि फवाराही लवकर दिसतो. तोटा एवढाच की बेटे नजर अडवतात, आणि एका खडकामागून बाहेर पडेपर्यंत पलीकडे काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही.

बोट कशी निवडावी

साधारणपणे दोन प्रकारच्या बोटी मिळतात. पहिली मोठी, दोन मजल्यांची, आत बसायला केबिन आणि स्वच्छतागृह असलेली. दुसरी लहान आणि वेगवान, हवा भरलेल्या रबरी कडांची, जिच्यात घोड्यावर बसल्यासारखे आसनावर बसायचे असते. लहान बोटीत माणूस पाण्याच्या अगदी जवळ असतो, देवमाशाचा श्वास कानाशी ऐकू येतो, आणि ज्यांना हा अनुभव आवडतो त्यांना मोठी बोट पुन्हा रुचत नाही. परंतु लाटांवरून जाताना ती जोरात आपटते. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अगदी लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या फेरीसाठी मी मोठी बोट सुचवतो. तिच्या वरच्या मजल्यावरून नजर दूरवर पोहोचते, थंडी वाजली तर आत जाता येते, आणि बरोबरच्या कोणाला बरे वाटेनासे झाले तर सगळ्यांचा दिवस वाया जात नाही.

जागा आरक्षित करण्यापूर्वी आयोजकांना काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कशी येतात याकडे लक्ष द्यावे. बोटीवर प्राण्यांची माहिती असणारा निसर्ग-मार्गदर्शक असतो का? किती प्रवासी घेतले जातात? देवमाशापासून किती अंतर ठेवले जाते? एका प्राण्याजवळ किती वेळ थांबता? जो आयोजक अंतराचा नियम लगेच आणि अभिमानाने सांगतो, त्याच्याकडे जावे. ‘आम्ही तुम्हाला अगदी जवळ नेतो’ अशी जाहिरात करणाऱ्यापासून दूर राहावे, मग त्याची बोट कितीही चकचकीत असो. पुष्कळ ठिकाणी ‘देवमासा दिसण्याची हमी’ दिली जाते. तिचा अर्थ बहुधा असा असतो की काहीच दिसले नाही तर दुसरी फेरी विनामूल्य मिळते आणि पैसे मात्र परत मिळत नाहीत. ज्यांचा मुक्काम एकाच दिवसाचा आहे त्यांना अशा हमीचा उपयोग नाही, म्हणून अटी आधीच वाचाव्यात. शक्य असेल तर फेरी मुक्कामाच्या पहिल्या दिवशी ठेवावी, म्हणजे हवामानामुळे ती रद्द झाली तरी पुढचे दिवस हाताशी राहतात.

सकाळची फेरी की दुपारची, हा प्रश्न सगळे विचारतात. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात, त्यामुळे अनेक किनाऱ्यांवर दुपारी पाणी खवळलेले असते. काही भागांत सकाळी धुके असते आणि ते उन्हे वर आल्याशिवाय हटत नाही. धुक्याचा प्रदेश नसेल तर सकाळच निवडावी.

आदल्या दिवशीची तयारी

हवामानाच्या अंदाजात पावसापेक्षा वारा आधी पाहावा. पाऊस त्रासदायक असतो, पण रिमझिम पावसात, वारा पडलेला असताना, समुद्र आरशासारखा सपाट होतो आणि फवारा दुरूनही दिसतो. वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी खलाशी ० ते १२ अंकांची बोफर्ट श्रेणी वापरतात. तिच्यातल्या ३ या अंकाला, म्हणजे वारा ७ ते १० नॉट (ताशी सुमारे १३ ते १९ किलोमीटर) असताना, लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. त्याखालची स्थिती देवमासे शोधण्यास उत्तम असते. ४ अंकाला फेस सर्वत्र असतो, आणि प्रत्येक पांढरा ठिपका फवाऱ्यासारखा भासतो.

कपड्यांच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या हवेवर विसंबू नये. धावत्या बोटीचा वारा आणि थंड पाण्याचा गारवा मिळून भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ थर चढवावेत: आत घाम शोषून लवकर सुकणारे कापड, त्यावर लोकरीचा किंवा तसाच उबदार थर, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. सुती कपडे ओले झाले की अंगाला चिकटून थंडी वाढवतात. कानांवर येणारी टोपी, हातमोजे आणि ओल्या डेकवर न घसरणारे, सपाट तळव्यांचे बूट घ्यावेत. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन ढगाळ दिवशीही चेहरा भाजते, तेव्हा सनस्क्रीन विसरू नये. ध्रुवीकरण करणाऱ्या काचांचा चष्मा पाण्यावरची चमक कापतो आणि कधी कधी पृष्ठभागाखालून सरकणारा फिकट आकार त्याच्यामुळेच दिसतो.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ७×५० म्हणजे सात पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे असलेली दुर्बीण. हलत्या बोटीवर सात किंवा आठ पट पुरेशी आहे. दहा पटीच्या दुर्बिणीत आपल्या हाताचे आणि बोटीचे हेलकावेही दहा पट होतात, आणि चित्र स्थिर राहत नाही. कॅमेरा नेणाऱ्यांनी ७०-३०० मिलिमीटरसारखी झूम भिंगे घ्यावीत, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवावा, आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांपासून कॅमेरा झाकायला एक पिशवी बाळगावी.

बोट लागण्याची भीती असणाऱ्यांनी औषध निघण्यापूर्वी घ्यावे, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेले बहुधा उपयोगी पडत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांसारखी औषधे साधारण तासभर आधी घेतात, परंतु त्यांनी झोप येते आणि ती प्रत्येकाला चालतातच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्यावीत. काहींना आल्याने बरे वाटते. रात्री पुरेशी झोप घ्यावी, सकाळी हलके खावे, पण उपाशी पोटी बोटीवर जाऊ नये. रिकामे पोट भरलेल्या पोटाइतकाच त्रास देते.

बोटीवरचा पहिला अर्धा तास

सुटण्याच्या वेळेपूर्वी निदान अर्धा तास धक्क्यावर पोहोचावे. सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या सूचना लक्षपूर्वक ऐकाव्यात: लाइफ जॅकेट कुठे आहे, ते कसे बांधायचे, चालत्या बोटीत कोणत्या जागी उभे राहायचे नाही. मुलांना जॅकेट त्यांच्या मापाचे असावे, सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटते. बोटीवर वावरताना एक हात नेहमी कठड्यावर असावा, कॅमेरा गळ्यात अडकवलेला असला तरीही.

जागा निवडताना प्रत्येकाचा ओढा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे असतो. तिथून समोरचे चांगले दिसते, पण हेलकावेही तिथेच सर्वांत जास्त असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मध्यभागी, खालच्या मजल्यावर, मोकळ्या हवेत बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि फोनमध्ये मान खुपसू नये. इंजिनाचा धूर जिथे येतो ती मागची जागा टाळावी. मळमळ वाढलीच तर केबिनमध्ये जाऊन डोळे मिटून पडण्याची इच्छा होते, परंतु बंद जागेत त्रास वाढतो.

पाहावे कसे

बोटीवर दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. नाळ म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागची बाजू सहा, डावी बाजू नऊ. मार्गदर्शक ‘दोन वाजता, चारशे मीटर’ असे म्हणाला की उजवीकडे किंचित पुढे पाहायचे. ही पद्धत पहिल्या पाच मिनिटांतच अंगवळणी पाडावी, कारण ‘तिकडे, तिकडे!’ असे कोणी ओरडले की सगळे त्याच्या बोटाकडे पाहतात आणि तोवर पाठ पाण्याखाली गेलेली असते.

प्रथम दुर्बीण बाजूला ठेवावी. उघड्या डोळ्यांनी क्षितिजाच्या किंचित खालच्या पट्ट्यावरून नजर सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी आणि परत आणावी. काही खटकले तरच दुर्बीण लावावी. शोधायच्या गोष्टी चार आहेत. फवारा ही पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण. तो पाण्याचा कारंजा नसतो. फुप्फुसातली उबदार, दमट हवा जोराने बाहेर पडते, तिच्यातली वाफ थंड होऊन बारीक थेंब होतात आणि श्वासरंध्रावर साचलेले पाणीही त्यात उडते. गडद बेटाच्या पार्श्वभूमीवर आणि सूर्य आपल्या पाठीशी असताना तो धुराच्या लहान लोटासारखा स्पष्ट दिसतो आणि काही सेकंदांत विरतो. दुसरी खूण पक्ष्यांची: एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारणारे पक्षी म्हणजे खाली माशांचा थवा आहे, आणि त्या थव्याखाली आणखी कोणी असू शकते. तिसरी खूण म्हणजे लाटांच्या चालीशी न जुळणारी काळी रेघ किंवा चमक. चौथी खूण नवख्यांच्या लक्षात येत नाही: सुरकुतलेल्या पाण्यात मध्येच तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल दिसतो. बुडी मारताना शेपटीच्या फटकाऱ्याने पाणी वर ढकलले जाते आणि तिथल्या बारीक लाटा पुसल्या जातात. तिथे देवमासा नुकताच होता, एवढे तो ठसा सांगतो. खलाशी त्याला देवमाशाचे पाऊल म्हणतात.

फवाऱ्याच्या आकारावरून जातीचा अंदाज बांधता येतो, निदान वारा नसताना. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ स्तंभासारखा सुमारे ९ मीटर उंच जातो. हंपबॅकचा त्याहून बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. ग्रे व्हेलचा समोरून पाहिला तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा भासतो. स्पर्म व्हेलला एकच श्वासरंध्र असते आणि ते डोक्याच्या टोकाशी डावीकडे असल्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला असतो. एकदा हे माहीत झाले की तो दुरूनही चुकत नाही. मिंक व्हेलचा फवारा बहुतेक वेळा दिसतच नाही, फक्त पाठ आणि तिच्यावरचा कोयत्यासारखा पर क्षणभर दिसून जातो. मग पाठीवरचा पर पाहावा. ऑर्काच्या (किलर व्हेलच्या) प्रौढ नराचा पर १.८ मीटरपर्यंत उंच आणि सरळ असतो, मादीचा बुटका आणि वाकडा. ग्रे व्हेलला पाठीवर पर नसतोच, शेपटीकडे उंचवट्यांची एक रांग असते. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो, आणि त्याची उजवी बाजू आपल्याकडे असेल तर ही गोष्ट डोळ्यांनी पडताळता येते. नावात मासा असला तरी हे सगळे सस्तन प्राणी आहेत, आणि ऑर्का तर डॉल्फिनच्याच कुळातला आहे.

आता हंपबॅकची एक बुडी सविस्तर सांगतो, कारण तिचा क्रम कळला की दिवसभर नेमके कधी आणि कुठे पाहायचे ते कळते. बोट थांबलेली आहे, इंजिन मंद घुरघुरत आहे. सुमारे दोनशे मीटरवर पाणी किंचित फुगते आणि डोक्याचा गाठी-गाठींचा भाग वर येतो. फवारा आधी दिसतो आणि आवाज नंतर पोहोचतो: मोठ्या टायरमधली हवा एकदम सोडावी तसा, आणि लगेच मागोमाग आत ओढलेल्या श्वासाचा पोकळ घोष. वारा आपल्याकडे असेल तर काही क्षणांत माशांचा उग्र वासही येतो. पाठ सावकाश पुढे सरकते, लहानसा पर दिसतो आणि ती पाण्याखाली जाते. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा फवारा, पुन्हा पाठ. असे तीन-चार वेळा, कधी जास्त वेळा होते. प्रत्येक वेळी पाठ थोडीच वर येते. मग एक श्वास वेगळा असतो: पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते, कुबडासारखी, आणि तेच चिन्ह ओळखायचे. हंपबॅक हे नाव याच कमानीवरून पडले. आता कॅमेरा डोळ्याला लावावा. कमान पुढे गडगडते, शेपटीचे मूळ वर येते आणि शेवटी दोन पात्यांची शेपटी पाण्याबाहेर उभी राहते. तिच्या मागच्या कडेवरून पाण्याची झालर गळत असते आणि खालच्या बाजूचे पांढरे-काळे डाग स्पष्ट दिसतात. जवळजवळ शिंतोडा न उडवता ती सरळ आत जाते, आणि मागे राहतो तो गुळगुळीत गोल.

या क्षणी घड्याळ पाहावे. हंपबॅक साधारण पाच ते पंधरा मिनिटांनी वर येतो. एकाच प्राण्याच्या दोन बुड्यांच्या वेळा नोंदल्या की तिसरीचा अंदाज बराच जमतो, आणि त्या वेळी बोटीवरचे बाकीचे लोक गप्पांत असतात. स्पर्म व्हेलच्या बाबतीत संयम अधिक लागतो. तो पाऊण ते एक तास खाली राहू शकतो आणि वर आल्यावर सुमारे दहा मिनिटे श्वास घेत पडून राहतो. म्हणून त्याच्या शोधात असलेल्या बोटी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून त्याचे टिकटिक आवाज ऐकतात. ते थांबले की तो वर यायला निघाला असे समजतात. कप्तानाने तो आवाज स्पीकरवर लावला तर बोलणे थांबवून ऐकावा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, आणि या प्राण्याचे जग बहुतांशी आवाजाचेच आहे.

अंतर

यामुळेच बोटीच्या आवाजाचा प्रश्न गंभीर आहे. ऑर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतात, आणि वेगवान प्रोपेलरचा आवाज तो प्रतिध्वनी बुजवून टाकतो. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरील साल्हिश समुद्रात मासे खाणाऱ्या ऑर्कांचा एक समूह राहतो, ज्याची संख्या ८० पेक्षाही कमी उरली आहे. वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२५ पासून या समूहापासून एक हजार यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, दूर राहणे सर्व बोटींना बंधनकारक केले. इतर ठिकाणचे आकडे वेगळे आहेत. कॅनडात बहुतेक देवमाशांपासून १०० मीटर, आणि ते विश्रांती घेत असतील किंवा पिल्लू बरोबर असेल तर २०० मीटर अंतर ठेवावे लागते. न्यूझीलंडमध्ये ५० मीटर ही किमान मर्यादा आहे आणि ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी असू नयेत असा नियम आहे. जिथे जाल तिथला नियम आधी वाचून ठेवावा, म्हणजे आपली बोट तो पाळते की नाही हे स्वतःला पारखता येते.

चांगला कप्तान देवमाशाच्या समोरून किंवा थेट मागून कधीच जात नाही. तो बाजूने, किंचित मागे राहून, त्याच्या दिशेला समांतर आणि मंद गतीने चालतो, माता आणि पिल्लू यांच्या मध्ये येत नाही, आणि बेटांच्या परिसरात विशेष महत्त्वाचे म्हणजे प्राण्याला आपली बोट आणि किनारा यांच्या मध्ये कोंडत नाही. देवमासा स्वतःहून बोटीकडे आला तर तो इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून थांबतो. माझ्या एका फेरीत, वीस मिनिटे इंजिन शांत ठेवून थांबल्यावर, एक हंपबॅक बोटीच्या बाजूला आला, कुशीवर वळला आणि त्याच्या छातीचा पांढरा पर, जो त्याच्या शरीराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका लांब असतो, हिरव्या पाण्यात आमच्या खालून सरकत गेला. दुसऱ्या एका फेरीत दुसऱ्याच कप्तानाने तीन वेळा पाठलाग केला आणि तिन्ही वेळा शेपटीही न दाखवता देवमासा दूर निघून गेला. त्या दिवशी मी धक्क्यावर उतरून आयोजकांकडे लेखी तक्रार दिली, आणि तसे करायला नवख्यांनीही कचरू नये.

प्राणी अस्वस्थ असल्याची चिन्हे प्रवाशांनाही ओळखता आली पाहिजेत: वारंवार दिशा बदलणे, बुड्या अचानक लांबणे, मातेने पिल्लाला बोटीपासून आड घेणे, बोट जवळ येताच शेपटीने पाणी फोडणे. असे दिसले तर कप्तानाला मागे हटण्याची विनंती करावी. बोटीवरून खाद्य टाकू नये, शिट्ट्या किंवा आरोळ्या देऊ नयेत. ड्रोन अनेक ठिकाणी परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: ‘डावीकडे’ अशी हाक आली की सगळ्यांनी एकदम डाव्या कठड्याकडे धावू नये. लहान बोटीत ते धोक्याचे असते, मोठ्या बोटीत त्या गर्दीत मुले चेंगरतात, आणि देवमासा तोवर बहुधा उजवीकडे वर येतो.

काही दिसले नाही तर काय करायचे? बेटांच्या खडकांवर सील पहुडलेले असतात, पाण्यात डॉल्फिन असतात, कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या वसाहती असतात. त्यांच्यासाठी दुर्बीण बाहेर असलीच पाहिजे.

परतल्यावर

उतरल्यानंतर तास-दोन तास जमीन हलल्यासारखी वाटते. ते आपोआप थांबते, तरी लगेच गाडी चालवणे टाळावे. कॅमेरा आणि दुर्बीण गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसावीत, मीठ राहिले तर भिंगांवर चरे पडतात.

मग छायाचित्रे तपासावीत. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे डाग आणि कडेचे खाचखळगे प्रत्येकाचे वेगळे असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. ऑर्का पाठीवरच्या परावरून आणि त्यामागच्या राखी खोगिरासारख्या डागावरून ओळखता येतात, हे मायकेल बिग या कॅनडातल्या संशोधकाने १९७० च्या दशकात दाखवून दिले, आणि त्यातूनच तिथल्या ऑर्कांची प्रत्येकाची नोंद ठेवणे शक्य झाले. आज हॅपीव्हेल या संकेतस्थळावर कोणीही आपले छायाचित्र देऊ शकतो. संगणक ते आधीच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि तोच प्राणी पूर्वी कुठे दिसला होता हे पुष्कळदा समजते. छायाचित्र मूळ आकारातच द्यावे, त्यावर रंगांचे संस्कार करू नयेत, आणि तारीख, वेळ व शक्य तितकी अचूक जागा लिहावी. शेपटी धूसर आली असली तरी डाग ओळखू येत असतील तर ते छायाचित्र उपयोगी पडते.

वहीत त्याच संध्याकाळी काही ओळी लिहाव्यात: निघण्याची आणि परतण्याची वेळ, मार्ग, वाऱ्याची स्थिती, कोणती जात, किती प्राणी, पिल्लू होते का, बुड्यांच्या वेळा. ज्या दिवशी एकही देवमासा दिसला नाही, त्या दिवसाचीही नोंद ठेवावी. किती तास, कोणत्या पाण्यात आणि कशा हवेत पाहिले हे लिहिलेले असेल, तरच अभ्यासकाला ‘दिसला नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ यांतला फरक कळतो.